समुद्रतळाचा रोजमेळ

२०१२ च्या ऑक्टोबरात 'मारियों द्युफ्रेन' या फ्रेंच संशोधन जहाजावरून रियुनियन बेटाभोवतीच्या समुद्रात एकामागून एक भूकंपमापक यंत्रं सोडली गेली. एकूण ५७. मादागास्करच्या पूर्वेला सुमारे दोन हजार किलोमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद पाण्यात ती विखुरली. आत जमिनीची हालचाल टिपणारा भूकंपमापक, पाण्यातला दाब ऐकणारा हायड्रोफोन, बॅटऱ्या आणि नोंद ठेवणारा लहानसा संगणक. वर यायला मदत करणारे तरंगते ठोकळे, खाली न्यायला लोखंडी वजन. असं यंत्र सेकंदाला साधारण एक मीटर या संथ गतीनं बुडत जातं. चार-पाच किलोमीटर खोल तळ गाठायला तास-दीड तास लागतो, आणि मग वर्षभर ते तिथे अंधारात, गोठणबिंदूच्या जवळच्या थंडीत, एकटं बसून राहतं. २०१३ च्या अखेरीस 'मेटेओर' हे जर्मन जहाज त्या-त्या जागी परत गेलं. जहाजावरून ध्वनीचा ठरलेला संकेत पाठवला की यंत्र खालचं वजन सोडून देतं आणि हळूहळू वर तरंगत येतं.

या मोहिमेचं नाव 'रम-रम'. जर्मन आणि फ्रेंच शास्त्रज्ञांची ही संयुक्त मोहीम, कारीन सिगलोक आणि गियेम बारुओल यांच्या पुढाकारानं झालेली. रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तप्त खडकाचा झोत नक्की कुठून येतो, हे तिला शोधायचं होतं. आपला या झोताशी जवळचा संबंध आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्याच्यावरून सरकत असताना लाव्हाचे थरावर थर साचले. सह्याद्रीचा काळा कातळ, रायगडाचे ताशीव कडे, वेरूळची लेणी ज्यात कोरली तो डोंगर, सगळं त्याच्यातून आलेलं. पुढे भारत उत्तरेला निघून गेला, आणि झोताच्या खुणा मालदीव, मॉरिशस करत रियुनियनपर्यंत उमटत राहिल्या. त्यामुळे त्या ५७ यंत्रांकडे मी परक्या मोहिमेची सामग्री म्हणून पाहू शकत नाही.

पण या लेखाचा विषय झोत नाही. विषय आहे त्या यंत्रांची वही. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. तळावरच्या यंत्राला वर्षभर कोणाशी बोलता येत नाही, उपग्रहाकडून वेळ विचारता येत नाही, 'माझी वही भरली, दुसरी द्या' असं सांगता येत नाही. जे काही घडेल ते त्याला स्वतःजवळच लिहून ठेवावं लागतं. अशी वही लिहिण्याची एक फार सुंदर रीत भूकंपशास्त्रात रुळली आहे.

आधी वही किती मोठी लागेल ते पाहू. जमीन तीन दिशांना हलते: वर-खाली आणि दोन आडव्या. त्यात हायड्रोफोन धरला तर चार प्रवाह. प्रत्येकाच्या सेकंदाला ५० नोंदी धरू. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे चार प्रवाह मिळून रोज १,७२,८०,००० आकडे. मोजमाप करणारं इलेक्ट्रॉनिक्स २४ बिटांचं असतं, म्हणजे ते सुमारे १ कोटी ६८ लाख वेगवेगळ्या पायऱ्या ओळखतं. संगणकाला सोयीचं म्हणून असा आकडा ३२ बिटांच्या, म्हणजे चार बाइटच्या घरात ठेवतात. हिशेब केला तर रोजचे ६९ मेगाबाइट होतात, आणि १३ महिन्यांचे सुमारे २७ गिगाबाइट. आज एवढं बोटाच्या पेराएवढ्या कार्डावर मावेल. तीस वर्षांपूर्वी मात्र असल्या यंत्रांत जी हार्ड डिस्क बसवता येई ती याच्या कितीतरी लहान असे. शिवाय ती फिरवायला वीज लागे, आणि तळावर वीज फक्त सोबत नेलेल्या बॅटरीत. म्हणून नोंदी आधी मेमरीत साठवायच्या, ती भरली की डिस्क क्षणभर फिरवून लिहून टाकायच्या आणि पुन्हा तिला झोपवायचं, अशी पद्धत होती. नोंदी जितक्या आवळून लिहिता येतील तितकी डिस्क कमी वेळा जागी होई आणि तितके दिवस यंत्र तळावर टिके.

त्याआधीचा उपाय ओबडधोबड होता. यंत्र सतत ऐकत राही, पण लिही फक्त जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हलली तर. बाकीचा वेळ कोरा. वही वाचत असे खरी, पण मर्यादेच्या खाली जे काही घडलं ते कायमचं गेलं. ते गेल्याची किंमत बऱ्याच उशिरा कळली. त्याबद्दल पुढे.

मूळ युक्तीकडे येऊ. १९८० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात जोसेफ स्टाइम हे अत्यंत संवेदनशील, रुंद पल्ल्याच्या भूकंपमापकावर काम करत होते. १९८६ मधला त्यांचा प्रबंध त्यावरच आहे. सततच्या नोंदी साठवण्याची जी पद्धत त्यांनी घडवली तिला आज जगभर 'स्टाइम कॉम्प्रेशन' म्हणतात. भूकंपाच्या नोंदींची देवाणघेवाण ज्या 'सीड' आणि तिचं सुटसुटीत रूप असलेल्या 'मिनीसीड' स्वरूपात होते, त्याचा ही पद्धत कणा आहे. जपानचं केंद्र असो वा चिलीचं, डोंगरावरचं यंत्र असो वा समुद्रतळावरचं, शेवटी आकडे बहुधा याच रीतीनं बांधले जातात.

ज्यांनी आजोबांच्या काळातल्या दुकानाचा लाल कापडी बांधणीचा रोजमेळ पाहिला आहे त्यांना ती समजावून सांगायलाही नको. रोजमेळात दर ओळीला तिजोरीत एकूण किती रक्कम आहे ते कोणी लिहीत नाही. पानाच्या डोक्यावर एकदा 'मागील पानावरून पुढे' म्हणून शिल्लक मांडायची, आणि मग फक्त जमा आणि नावे, आलं किती आणि गेलं किती. पानाच्या तळाशी पुन्हा शिल्लक. स्टाइम यांची पद्धत हीच. समजा यंत्रानं एकापाठोपाठ असे आकडे मोजले: ४१,२०७, ४१,२११, ४१,२१०, ४१,२०६, ४१,२०९. पहिला आकडा पूर्ण लिहायचा. पुढे फक्त फरक: अधिक ४, उणे १, उणे ४, अधिक ३. जमीन एका क्षणातून पुढच्या क्षणात उडी मारत नाही, ती सरकते. म्हणून फरक बहुतेक वेळा मूळ आकड्यापेक्षा खूप लहान असतात, आणि लहान आकड्याला घरही लहान पुरतं.

इथे दुसरी करामत येते. सगळ्या फरकांना एकाच मापाचं घर दिलं तर ते सर्वांत मोठ्या फरकाच्या मापाचं करावं लागेल, आणि मोठा भूकंप येईल तेव्हा फरक प्रचंड असतील. म्हणजे वर्षातल्या त्या चार मिनिटांसाठी वर्षभर मोठ्या घराचं भाडं भरायचं. स्टाइम यांनी घराचं माप लवचीक ठेवलं. ३२ बिटांची एक खोली घ्यायची. फरक बारीक असतील तर तिच्यात आठ-आठ बिटांचे चार फरक बसवायचे, मध्यम असतील तर सोळा-सोळा बिटांचे दोन, आणि खूपच मोठा असेल तर एकच. पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी मापं आली. त्यातल्या सर्वांत दाटीच्या मांडणीत चार-चार बिटांचे सात फरक एका खोलीत मावतात. चार बिटांत उणे ८ ते अधिक ७ एवढे आकडे लिहिता येतात. वरच्या उदाहरणातले चारही फरक त्यात आरामात बसतात.

अशा १६ खोल्यांची एक ओळ, ६४ बाइटची. पहिल्या खोलीत कोणी राहत नाही. तिथे किल्ल्या असतात. प्रत्येक खोलीसाठी दोन बिटांची एक किल्ली, जी सांगते की आत किती फरक कोणत्या मापानं बसवले आहेत. वाचणारा आधी किल्ल्या बघतो, मग खोल्या उघडतो.

अशा काही ओळी मिळून एक पान. आणि पानाच्या सुरुवातीच्या ओळीत, किल्ल्यांच्या शेजारी, दोन पूर्ण आकडे ठेवलेले असतात: पानातली पहिली नोंद आणि पानातली शेवटची नोंद. आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक. पहिल्या आकड्यात एकेक फरक मिळवत जायचं. पानाच्या शेवटी जो आकडा येईल तो लिहून ठेवलेल्या अखेरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळला नाही, तर मधे कुठेतरी एखादा बिट बिघडला आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत जागणाऱ्या मुनीमजींना ही काळजी लगेच ओळखू आली असती. शिवाय प्रत्येक पानाला स्वतःची आरंभीची शिल्लक असल्यामुळे एक पान फाटलं तरी पुढची पानं वाचता येतात. चार किलोमीटर पाण्याखाली, बॅटरी संपत आलेली असताना, एखाद्या पानावर अर्धवट लिहिलं जाणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. म्हणून मला ही रचना नुसती हुशारीची वाटत नाही, जबाबदारीची वाटते.

या सगळ्यात एक आकडाही हरवत नाही. उलगडल्यावर जे मिळतं ते बिटाबिटानं मूळ नोंदीसारखं असतं. फोनवरचा फोटो किंवा गाणं आवळलं जातं तेव्हा असं होत नाही. गाणं आवळताना माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही ते टाकून देतात, फोटो आवळताना डोळ्याला जे जाणवत नाही ते. ती पद्धत चालते, कारण गाणं शेवटी कानासाठीच असतं आणि कानाच्या मर्यादा आपल्याला माहीत आहेत. पृथ्वीचं गाणं कोणत्या कानासाठी आहे? उद्या कोणता अभ्यासक त्यात काय शोधेल याची यादी आज कोणाकडेही नाही.

इतकं चोख लिहिल्यावर वही किती लहान होते, याला एक उत्तर नाही. ते त्या दिवशी तळ किती शांत होता यावर ठरतं. माहिती किती आवळता येते याला खालची मर्यादा असते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणितानं दाखवून दिलं. जे आधीच्या आकड्यांवरून सांगता येतं ते लिहायची गरज नसते. जे सांगता येत नाही, जे खरोखर अनपेक्षित आहे, ते मात्र लिहावंच लागतं, त्यातून सुटका नाही. भूकंपाच्या नोंदीत हा अनपेक्षित भाग म्हणजे बहुतांशी गोंगाट. गोंगाटाची उंची दुप्पट झाली की प्रत्येक नोंदीला एक बिट जास्त लागतो. दहापट झाली तर तीन बिटांहून थोडा अधिक.

मला या विषयात सर्वांत आधी खिळवून ठेवलं ते इथे. आपल्याला वाटतं, भूकंपाच्या वहीत जागा भूकंपांनी खाल्ली असेल. पण वर्षात ३ कोटी १५ लाख सेकंद असतात, आणि त्यात भूकंपाच्या लहरी ठळकपणे उमटतात तो वेळ फार थोडा. वहीची पानंच्या पानं भरतात ती समुद्राच्या पुटपुटण्यानं.

हे पुटपुटणं येतं कुठून? पाण्यावर दिसणाऱ्या लाटेची हालचाल खोल जाता जाता विरते. चार किलोमीटरवर तिचा मागमूसही उरत नाही. पण समोरासमोरून आलेल्या दोन लाटा एकमेकींना भिडतात तेव्हा एक वेगळी गोष्ट घडते. त्यांच्या भिडण्यातून दाबाचा ठोका तयार होतो, मूळ लाटांच्या दुप्पट वारंवारतेचा, आणि हा ठोका खोलीबरोबर विरत नाही. तो थेट तळावर आदळतो. मायकेल लॉन्गेट-हिगिन्स यांनी १९५० मध्ये याचं गणित मांडलं. बारा सेकंदांनी येणारी समुद्राची उसळ अशी तळाला सहा सेकंदांच्या ठोक्यानं हलवत राहते, आणि ती थरथर जमिनीतून हजारो किलोमीटर आत शिरते. तिला सूक्ष्मकंप म्हणतात.

त्याच्या वीस वर्षं आधी ही थरथर मुंबईत बसून अभ्यासली गेली होती. कुलाब्याच्या वेधशाळेत सुधांशु कुमार बॅनर्जी भूकंपलेखकाच्या नोंदी पाहत असत. पावसाळ्यात, आणि भारताभोवतीच्या समुद्रांत वादळ असताना, भूकंप नसतानाही रेषा थरथरते आणि त्या थरथरीचा घाट हवामानाप्रमाणे बदलतो, हे त्यांनी टिपलं. १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा त्यावरचा दीर्घ प्रबंध छापून आला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. कुलाब्याच्या त्या नोंदीत पाऊस घेऊन येणारा समुद्र उमटत होता, हे आपल्या शाळांमध्ये कुठेच सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते.

आता ही थरथर रोजमेळात कशी उतरते ते बघू. सहा सेकंदांचा एक हेलकावा, सेकंदाला ५० नोंदी, म्हणजे एका हेलकाव्यात ३०० नोंदी. हेलकाव्याची उंची हजार एकक असली तरी शेजारच्या दोन नोंदींतला फरक जास्तीत जास्त एकवीसच्या आसपास राहतो. म्हणजे संथ उसळीचा मोठा भाग फरक काढण्यातच निघून जातो. ज्या पद्धतीला फक्त वजाबाकी येते तिच्याकडून हे होतं. पण समुद्राचा सगळाच आवाज संथ नसतो. तळावरचे प्रवाह यंत्राला किंचित कलवतात, त्यानं आडव्या दिशांच्या नोंदी अस्वस्थ होतात. जहाजं घरघरत जातात. इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची कुरकुर असते. हे चटचट बदलणारं, आधी न सांगता येणारं द्रव्य वजाबाकीला जुमानत नाही. वादळात सगळंच वाढतं. खोलीत सातच्या जागी चार, चारच्या जागी दोन फरक मावू लागतात. वादळी दिवसाची फाइल शांत दिवसाच्या फाइलपेक्षा जड भरते, आणि ती उघडण्याआधीच, नुसत्या आकारावरून, समुद्र कसा होता याचा अंदाज येतो.

मग प्रश्न येतो, आणि तो कंजूषपणाचा नाही, रास्त आहे: एवढी जागा गोंगाटच खात असेल तर तो टाकून का देऊ नये? शेवटचे तीन-चार बिट खोडले तर फाइल बरीच लहान होईल आणि मोठे भूकंप तसेच्या तसे दिसतील.

रम-रमच्या वहीचं पुढे काय झालं हेच याचं उत्तर आहे. २०१३ च्या जानेवारीत ड्युमिल नावाचं चक्रीवादळ रियुनियनजवळून गेलं. ते पाण्याच्या पृष्ठभागावर कुठून कुठे गेलं ते तळावरच्या भूकंपमापकांच्या 'गोंगाटा'तून मागोवा घेत काढता आलं. निळे देवमासे आणि फिन देवमासे फार खालच्या स्वरात गातात. तो स्वर भूकंपमापकाच्या पल्ल्यात येतो. याच यंत्रांच्या नोंदींवरून पश्चिम हिंदी महासागरात कोणते देवमासे वर्षाच्या कोणत्या काळात कुठे असतात याचा अभ्यास झाला. यंत्र बुडत जाऊन तळावर टेकतं तेव्हा त्याच्या आडव्या दिशा उत्तरेशी किती अंशात आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. यंत्रांवरून गेलेल्या जहाजांच्या घरघरीतून ती दिशा शोधण्याची पद्धत पुढे याच नोंदींवर अजमावली गेली. जहाज कुठून कुठे गेलं ते माहीत असतं, त्याचा आवाज यंत्राला कुठून आला ते नोंदीत असतं, दोन्ही जुळवले की झालं.

आणि घड्याळ. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे. पाण्याखाली उपग्रहाची वेळ मिळत नाही म्हणून यंत्र स्वतःच्या क्वार्ट्झ घड्याळावर चालतं. टाकताना ते अचूक वेळेशी जुळवतात आणि वर काढल्यावर किती चुकलं ते मोजतात. पण कित्येक यंत्रांची बॅटरी वर येईपर्यंत संपलेली असते, घड्याळ बंद पडलेलं असतं, आणि मग किती चुकलं ते मोजायचं कशावरून? दिवसाला दोन मिलिसेकंद ही चूक क्षुल्लक वाटते. वर्षात ती पाऊण सेकंदाच्या जवळ जाते. पृथ्वीच्या प्रावरणात वरच्या भागात भूकंपाची वेगवान लहर सेकंदाला आठ किलोमीटर जाते. पाऊण सेकंदाची चूक म्हणजे सहा किलोमीटरची चूक, आणि झोताचा आकार लहरीच्या येण्याच्या वेळेतल्या अशाच बारीक फरकांवरून काढायचा असतो. यावर उपाय सापडला तो त्या सततच्या पुटपुटण्यात. दोन यंत्रांनी महिनोन्महिने टिपलेला गोंगाट एकमेकांवर ठेवून जुळवत गेलं, तर एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत लहर जायला किती वेळ लागतो ते त्यातून उमटतं. जमीन तीच, अंतर तेच, म्हणजे हा वेळ रोज तोच यायला हवा. तो दिवसागणिक सरकत असेल, तर सरकतंय ते घड्याळ. रम-रमच्या यंत्रांची घड्याळं अशी दुरुस्त करण्यात आली. शेवटचे चार बिट 'कचरा' म्हणून पुसले असते तर दुरुस्तीचं हे हत्यारच हाती आलं नसतं. आणि जुनी, फक्त हादरा बसल्यावर लिहिणारी यंत्रं? त्यांच्या वह्यांमध्ये हा गोंगाट कधी उतरलाच नाही. त्या वर्षांचं आता काही करता येत नाही.

म्हणून नोंद चोख ठेवण्याचा भूकंपशास्त्राचा हट्ट मला पूर्णपणे पटतो.

पण असे प्रसंग येतात जिथे हट्ट चालत नाही. दक्षिण प्रशांत महासागरात 'मरमेड' नावाची तरंगती यंत्रं फिरतात. गुस्त नोलेत आणि फ्रेडरिक सायमन्स यांच्या कामातून ही कल्पना आकाराला आली. २०१८-१९ मध्ये तिथे अशी सुमारे पन्नास यंत्रं सोडली गेली. ती तळावर बसत नाहीत, दीड किलोमीटर खोल पाण्यात प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि पाण्यातला आवाज ऐकतात. दूरच्या भूकंपाची लहर आल्यासारखं वाटलं की वर येऊन उपग्रहामार्फत कळवतात. उपग्रहाचा दुवा अरुंद आणि महाग, पृष्ठभागावरचं प्रत्येक मिनिट बॅटरी खाणारं. इथे सगळं पाठवणं शक्यच नाही. म्हणून यंत्र आलेला आवाज वेव्हलेट नावाच्या गणिती तुकड्यांत मोडतं. वेव्हलेट म्हणजे थोडा वेळ हलून शांत होणारी लहर. अशा लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेतून कोणताही आवाज उभा करता येतो. संथ तुकड्यांत भूकंप असण्याची शक्यता जास्त, चटपटीत तुकड्यांत जहाज किंवा पाऊस. तुकड्यांकडे पाहून यंत्र स्वतः ठरवतं की ही लहर भूकंपाची आहे का, आणि कामाचेच तुकडे वर पाठवतं. ओळखण्याचं आणि आवळण्याचं गणित एकच. हे मला देखणं वाटतं. तरीही त्याच्या निर्मात्यांनी मूळ नोंद लगेच पुसू दिलेली नाही. नव्या मरमेडच्या पोटात ती बराच काळ राहते आणि किनाऱ्यावरून मागणी केली तर तिचा हवा तो भाग नंतर मागवता येतो.

केबलनं किनाऱ्याला जोडलेल्या यंत्रांची अडचण उलट्या टोकाची. २०११ च्या तोहोकू भूकंपानंतर जपाननं प्रशांत किनाऱ्यासमोर 'एस-नेट' उभारलं: १५० वेधकेंद्रं, सुमारे ५,५०० किलोमीटर केबल. वीज भरपूर, वाट रुंद, वही भरण्याची भीती नाही. तिथे दुर्मिळ वस्तू म्हणजे वेळ. किनाऱ्यावरच्या लोकांना इशारा काही सेकंद आधी मिळावा यासाठीच ती केबल आहे. अशा कामात स्टाइमचा रोजमेळ जसाच्या तसा वापरला तर तो घात करू शकतो. रिअल टाइमसाठी वापरतात ते पान ५१२ बाइटचं असतं. मथळा, किल्ल्या आणि दोन्ही शिल्लका वगळता त्यात फरकांसाठी १०३ खोल्या उरतात. प्रत्येक खोलीत चार फरक धरले आणि सेकंदाला १०० नोंदी, तर पान भरायला चार सेकंद. तळ फार शांत असेल आणि खोलीत सात फरक मावत असतील तर सात सेकंदांहून अधिक. पान भरल्यावरच रवाना करायचं असा नियम ठेवला, तर जितकी शांतता तितकी बातमी उशिरा, आणि पहिली लहर बरोबर त्या शांततेच्या पाठीवर येते! त्यामुळे इशाऱ्याच्या कामात पान अर्धं भरलेलं असतानाच पाठवतात, किंवा एक-एक सेकंदाच्या चिठ्ठ्या करतात. वही थोडी सैल बांधली जाते. ती सैल बांधण्यात शहाणपण आहे.

खरी कसोटी आता आली आहे, ती काचेच्या तंतूमुळे. इंटरनेट वाहून नेणाऱ्या समुद्राखालच्या केबलच्या एका टोकाला लेझरचं उपकरण जोडायचं आणि तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडायचे. काचेतल्या सूक्ष्म विषमतांमुळे प्रकाशाचा इवलासा अंश जागोजागहून मागे परततो. जमीन हलून तंतू किंचितही ताणला गेला की परतणाऱ्या प्रकाशाची कला बदलते. अशा रीतीनं तंतूचा प्रत्येक तुकडा भूकंपमापक होतो. २०१८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात एका वैज्ञानिक केबलवर, ती देखभालीसाठी बंद असताना, चार दिवस हा प्रयोग झाला. २० किलोमीटर तंतूची सुमारे दहा हजार मापकेंद्रं झाली. तळावर ५७ यंत्रं ठेवायला आणि परत काढायला दोन देशांची जहाजं लागली होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं.

पण नोंदींचा पूरही तसाच. २०२१ च्या नोव्हेंबरात ओरेगनच्या किनाऱ्यासमोरच्या केबलींवर असाच चार दिवसांचा प्रयोग झाला आणि त्यातून सुमारे २६ टेराबाइट डेटा निघाला. रम-रमची सगळी ५७ यंत्रं सगळा वेळ सेकंदाला ५० नोंदींनी चालली असती, आणि काहीच आवळलं नसतं, तरी तेरा महिन्यांचा हिशेब दीड टेराबाइटच्या आसपास थांबला असता. इथे नुसत्या वजाबाकीचा रोजमेळ पुरत नाही. शेजारचे दोन मीटर जवळपास एकच हालचाल सांगतात, म्हणून एका क्षणाचा मागच्या क्षणाशी फरक घेण्याबरोबरच एका जागेचा शेजारच्या जागेशी फरक घ्यावा लागतो. तेवढं करूनही, गोंगाट चोख जपायचा म्हटला तर वही काही पटींनी लहान होते, शंभर पटींनी नाही. शॅनन यांची भिंत तिथेही उभीच आहे. त्यामुळे कायमची केबल ऐकणाऱ्यांना रोज काही ना काही सोडावं लागतं: दर दहा मीटरऐवजी दर शंभर मीटरची नोंद ठेवायची, सेकंदाला पाचशेऐवजी पन्नास, भूकंपाच्या आसपासचे तास मात्र पूर्ण. काय टाकलं याची नोंद तरी नीट ठेवावी, आणि टाकण्याआधी घाई करू नये, एवढंच मला त्यांना सांगावंसं वाटतं. देवमाशाची आणि घड्याळाची गोष्ट त्यांनाही माहीत आहे.

आपल्याकडेही अशी वही लिहिली जाते. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रानं श्रीलंकेच्या दक्षिणेकडच्या समुद्रात तळावर भूकंपमापक ठेवले होते. तिथे गुरुत्वाकर्षण थोडं क्षीण आहे, आणि त्यामुळे समुद्राची सरासरी पातळी जागतिक सरासरीच्या मानानं शंभर मीटरहून अधिक खाली गेलेली आहे. असं का, याचं उत्तर तिथल्या प्रावरणात शोधलं जात आहे.

रम-रमच्या नोंदी फ्रान्सच्या रेसिफ या संग्रहात मिनीसीड स्वरूपात खुल्या आहेत, 'वायव्ही' या संकेतानं. पुण्यात, नागपुरात किंवा मालवणात बसलेला कोणीही विद्यार्थी पैसे न मोजता, परवानगी न मागता त्या उतरवू शकतो. त्यानं एखादं केंद्र निवडावं, २०१२ चा डिसेंबर आणि २०१३ चा जानेवारी रोज एक फाइल याप्रमाणे उतरवावा, आणि आलेख काढण्याआधी फाइलींचे आकार तारखांसमोर लिहून काढावेत. ड्युमिल कोणत्या दिवशी जवळ आलं असेल, ते त्या रकान्यातच शोधून पाहावं.